पॅचवरचं नाव

प्रियदर्शनीला राग आला की ती कीबोर्ड असा बडवायची, की शेजारच्या टेबलावरचा आदिनाथ आपला चहाचा कप उचलून हातात धरायचा. त्या सकाळी मात्र कीबोर्डचा आवाजच येईना. आदिनाथनं मान वळवून पाहिलं. बाईसाहेब स्क्रीनकडे टक लावून बसल्या होत्या, कानशिलं तापलेली, दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. हे बडवण्यापेक्षा वाईट लक्षण आहे हे ओळखून त्यानं कप तर उचललाच, वर खुर्चीही थोडी लांब सरकवली.

स्क्रीनवर तिचा पॅच होता. पॅच म्हणजे साध्या भाषेत ठिगळ. कॉम्प्युटरच्या बुडाशी एक कर्नल असतं, डिस्कला, मेमरीला, पडद्याला कामाला लावणारं. यांचं कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहीत होती. कुणाला त्यात खोट सापडली तर त्यानं दुरुस्ती लिहायची आणि एका खुल्या मेल-यादीवर पाठवायची. तिथं सगळ्यांदेखत तिची चिरफाड व्हायची. टिकली तर ती कर्नलमध्ये जायची, आणि जिथं जिथं ते कर्नल चालतं तिथं तिथं चालायची. बदल्यात मिळायचं काय, तर दुरुस्तीच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव. कायमचं, कुणालाही केव्हाही वाचता येईल असं. बाकी शाल नाही की श्रीफळ नाही.

आणि या पॅचच्या माथ्यावर नाव होतं अवधूत सरांचं. खाली, अगदी तळाला, एक ओळ होती, ‘चाचणी: प्रियदर्शनी’.

चाचणी म्हणे! बाळंतपण हिचं, आणि बारशाला हिनं येऊन नुसता पाळणा हलवायचा, त्यातली गत. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

अवधूत सर म्हणजे कंपनीचे मालक. होटगी रोडवर एका दुकानाच्या माडीवर ही कंपनी होती. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवरचे कॉम्प्युटर सांभाळणं हे तिचं काम. सर बोलायला मऊ, कपड्यांना कडक इस्त्री, आणि कुणावर म्हणून कधी आवाज चढवायचे नाहीत. कधीच न चिडणाऱ्या माणसाचा प्रियदर्शनीला आधीपासून संशय होता. तो खरा ठरल्याचं समाधानही आता तिला मिळेना, इतका तिला राग आला होता.

त्या पॅचचा जन्म ऑफिसात झालाच नव्हता. तो झाला होता श्रीपूरच्या पुढं, एका कारखान्याच्या काट्यावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये. हंगाम ऐन भरात होता. उसाची गाडी काट्यावर चढायची, वजन पडद्यावर यायचं, आणि ते डिस्कवर लिहिलं जाण्याआधीच कॉम्प्युटर थिजायचा. मागं ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवायचे. बैलगाड्यांचे बैल उन्हात जू घेऊन ताटकळायचे, आणि ऊसतोडीच्या बायका गाडीवानांच्या तोंडाला लागायच्या. काट्यावरचा रुद्रप्पा हा अक्कलकोटकडचा थोराड गडी. तो प्रियदर्शनीला म्हणाला होता, “मॅडम, ह्यो तुमचा कंप्युटर काम करत न्हाय, झोपतुय. आन शिव्या मला बसत्यात की.”

सरांचा सल्ला फोनवर ठरलेला असायचा, बंद करून चालू करा. प्रियदर्शनीनं मात्र तिथंच खुर्ची टाकली. दिवसभर ती त्या खुर्चीतून हलली नाही, आणि तिनं खोट शोधून काढली. काट्यावरच्या कॉम्प्युटरांच्या डिस्का जुन्या, फिरत्या तबकडीच्या. एक सुई तबकडीवर इकडून तिकडं फिरते, एका वेळी एकाचंच काम करते. कुणाचं आधी करायचं ते कर्नल ठरवतं. कारखान्याच्या सगळ्या नोंदींची मोठी नक्कल, म्हणजे बॅकअप, सुरू झाली, की कर्नल म्हणायचं, सुई इथंच आहे, तर हे सलग काम आधी उरकू. आणि काट्यावरची एवढीशी नोंद, एका गाडीचं एक वजन, दाराशी उभी ती उभीच. मोठ्याचं काम चाललंय म्हणून लहानानं मरायचं, हा न्याय तिला कॉम्प्युटरातसुद्धा सोसला नाही. तिनं रांगेचा नियमच बदलला. मोठं काम चालू असताना लहान मागण्यांना मध्ये सोडायचं, आणि लहानांच्या लागोपाठ जाण्याला एक मर्यादा घालायची, म्हणजे मोठंही अडकणार नाही. पॅच एवढाच. काट्यावर लावला, आणि भोंगे थांबले. रुद्रप्पानं तिला गुळाचा खडा आणि शेंगा दिल्या, स्वतःच्या डब्यातल्या.

मग तिनं तो यादीवर पाठवायचं ठरवलं, आणि तिथंच घोळ झाला. यादीला साधी, कोरी मेल लागते. ऑफिसची मेल सजून-धजून जायची, खाली कंपनीचं रंगीत चिन्ह आणि गुप्ततेची तंबी. यादीच्या दारावरच्या यंत्रानं ती न वाचताच परत फेकली. तिनं पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. ती दातओठ खात असताना अवधूत सर मागं येऊन उभे राहिले. “दे गं माझ्याकडे. नुसता बदल दे. बाकीचं मी बांधून पाठवतो.”

त्या जगाची रीत अशी, की पॅचची फाइल नीट बांधली तर लिहिणाऱ्याचं नाव तिच्या माथ्यावर आपसूक येतं. मग ती कुणीही पाठवो, नाव हलत नाही. पाठवणाऱ्यानं फक्त खाली आपली सही जोडायची, की हे मी खरेपणानं पुढं देतोय. पण प्रियदर्शनीनं दिला तो नुसता बदल. कुठली ओळ काढली, कुठली घातली, बस्स. नाव-गाव काही नाही. दोनदा परत आलेल्या मेलच्या वैतागात तिनं हे केलं होतं, आणि आता ती स्वतःच्याच हाताला चावली असती.

ती उठली आणि केबिनचं दार न वाजवता आत गेली.

“सर, पॅचवर माझं नाव नाही.”

“आहे की. चाचणीमध्ये आहे.” सरांनी हसून खुर्ची दाखवली. “बस. पाणी घे.”

“पाणी नको. लिहिलाय मी. एकूण एक ओळ.”

“अगं, तुझं-माझं काय करतेस? कंपनीच्या वेळेत झालं, कंपनीच्या मशीनवर झालं. म्हणजे ते कंपनीचं झालं. आणि यादीवरचे लोक ओळखपाळख बघतात. तुझं नाव नवीन. उगाच प्रश्न विचारून भंडावतील. मी तुझ्या पुढं उभा राहिलो असं समज.”

“तुम्ही पुढं नाही उभे राहिलात, सर. तुम्ही माझ्या अंगावर उभे राहिलात.”

सर चिडले नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “हे बघ,” ते तितक्याच मऊपणे म्हणाले, “तुला यादीवर जाऊन भांडायचंय? भांड. पण मालकीचा वाद निघालेल्या पॅचला तिथं कुणी हात लावत नाही, हे तुला माहीत आहे. तो बाजूला पडेल. आणि मग तुझे ते रुद्रप्पा आणि त्यांच्या गाड्या? इतर कारखान्यांचे काटे? ठरव तू.”

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. तिनं तोंड उघडलं तर पॅच मरणार. मूग गिळून बसली तर पॅच जगणार, दुसऱ्याच्या नावानं. ती बाहेर आली आणि दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

दुपारी जिन्यात उभं राहून तिनं आबांना फोन लावला. आबा म्हणजे तिचे वडील ज्ञानबा. सांगोल्याकडच्या माळावर त्यांची मेंढरं होती. लेकीनं शिकून कॉम्प्युटरचं काहीतरी करावं हे त्यांनीच ठरवलं होतं. ते काहीतरी म्हणजे काय हे मात्र त्यांना आजवर नीट कळलेलं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, रागानं धापा टाकत.

आबा हूं हूं करत ऐकत होते. मग म्हणाले, “तुला त्यो आपला काळ्या तोंडाचा एडका याद हाय का गं?”

“आबा, मी काय सांगाया लागले आन तुमी काय मेंढरं काढली!”

“ऐक तर. जोतिरामानं त्यो त्याच्या कळपात घातला. आपला गेरूचा पट्टा धुतला आन निळा मारला. चार मान्सांत म्हनला, माजाच हाय. आता एडक्याला बोलता येतंय व्हय? मी गप बसलो. पुडं त्योच एडका मायाप्पाच्या ज्वारीत शिरला. लई नासधूस केली. मायाप्पा काठी घिऊन आला, कुनाचा ह्यो एडका म्हनून. तर जोतिराम म्हनतो कसा, ज्ञानबाचा हाय की!”

“मग?”

“मग काय. मी म्हनलं, व्हय, माजा हाय. मायाप्पाच्या रानात मेंढरं बसवून दिली. लेंडीखत मिळालं त्याला, पुडचं पीक झकास आलं. आन मी एडका घिऊन घरला आलो.”

“मंजी मी आता काय करू?”

“मला काय ठावं? मला तुझ्या त्या डब्यातलं काय कळतंय?” आबा म्हणाले. “जेवलीस का?”

तिनं फोन ठेवला. आबांचाही तिला राग आला. इथं पोटच्या गोळ्यावर दुसऱ्यानं नाव घातलंय आणि यांना एडका सुचतो!

पुढं जे झालं ते आणखी वाईट होतं. यादीवर प्रश्न सुरू झाले. कर्नलच्या त्या भागाची राखण करणारा एक मेंटेनर होता. माणूस तुटक, पण नेटका. त्यानं विचारलं, ही मर्यादा एवढीच का? त्या तसल्या जुन्या डिस्का आता वापरतं कोण? सरांनी ते प्रश्न जसेच्या तसे प्रियदर्शनीकडे पाठवले, वर एक हसरा चेहरा चिकटवून. आणि तिनं उत्तरं लिहिली. दात आवळून, पण लिहिली. न लिहून करते काय? आपलं लेकरू दुसऱ्यानं स्वतःचं आडनाव लावून शाळेत घातलं, म्हणून त्याचा अभ्यास घ्यायचा सोडता येतो का? तिनं काट्याबद्दल लिहिलं, धुळीबद्दल, उन्हाबद्दल, कुठल्या कारखान्यात कसली डिस्क आहे त्याबद्दल. सरांनी ते सगळं उचलून आपल्या सहीनं चिकटवलं. मेंटेनरनं कौतुक केलं. काट्यावर बसून पाहिल्याशिवाय असं कुणी लिहू शकत नाही, असं त्यानं म्हटलं. सरांनी खाली आभार मानले. कडक इस्त्रीचा हा माणूस त्या काट्याच्या धुळीत एकदा बूट घालूनसुद्धा उतरला नव्हता.

पॅच कर्नलमध्ये गेला.

मग सत्कार. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सभागृहात, भर उन्हाळ्यात, वर पंखे गरम हवा ढवळताहेत आणि खाली पोरं बळजबरीनं आणून बसवलेली. बाहेर फ्लेक्स, ‘सोलापूरचा झेंडा जगाच्या कर्नलवर’. सोलापुरी चादर घालून सरांचा सन्मान झाला. भाषणाची चित्रं प्रियदर्शनीनं करून दिली होती, कारण सरांना सुई आणि तबकडी यातलं आधी काय फिरतं हे ऐन वेळी आठवेना. ती तिसऱ्या रांगेत आदिनाथशेजारी बसली होती.

“टाळ्या वाजव,” आदिनाथ कुजबुजला. “सर बघताहेत.”

“माझे हात दुखतात.”

“कशानं?”

“तो पॅच लिहून,” ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी वळून पाहिलं. सरांनीही ऐकलं असावं. मंचावरून ते तिच्याकडे बघून प्रेमानं हसले आणि म्हणाले, “आणि माझी टीम! माझ्या टीमशिवाय हे शक्य नव्हतं.” पोरांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशी तिनं घरी जाऊन भाकरीसाठी मळलेलं पीठ परातीत एवढं बडवलं, की खालच्या मजल्यावरच्या काशम्मा वर येऊन बघून गेल्या.

पाऊस सुरू व्हायच्या बेताला यादीवर एक मेल आली. फिनलंडातल्या कुठल्याशा गावातून, एका वाचनालयाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाची. नवीन कर्नल घातल्यापासून आमची रोजची मोठी नक्कल पुरीच होत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. ती सुरू होते आणि तशीच लोंबकळत राहते. त्यानं शोध घेत घेत कारणही नेमकं हुडकलं होतं. सोलापूरच्या अवधूत यांचा पॅच.

प्रियदर्शनीनं ते वाचलं आणि मनात पहिला शब्द आला तो, बरं झालं! नाव त्यांचं, आता फजितीही त्यांची. चहा संपेपर्यंत तिनं हे सुख भोगलं. मग तिनं आपला कोड उघडला. दोनदा वाचायचीही गरज पडली नाही.

चूक होती, आणि ढळढळीत होती. लहान मागण्यांच्या मर्यादेची मोजणी तिनं चुकीच्या ठिकाणी शून्यावर आणली होती. लहान मागण्या धार न तोडता येत राहिल्या, की दर नव्या मागणीला मोजणी पहिल्यापासून. मर्यादा कधी भरायचीच नाही, आणि मोठ्याची पाळी कधी यायचीच नाही. काट्यावर हे दिसलंच नसतं. एक गाडी उतरते, दुसरी चढते, मध्ये तेवढी उसंत असते, आणि त्या उसंतीत मोठं काम पुढं सरकतं. वाचनालयात कुणी ना कुणी सतत काहीतरी मागत असतं. तिथं उसंत कुठली? तिनं सगळं जग म्हणजे उसाचा काटा असं धरून नियम लिहिला होता. मोठ्यानं लहानाला ताटकळत ठेवलं म्हणून संतापलेल्या बाईनं मोठ्यालाच जन्माचं उभं करून ठेवलं होतं.

तिला लाज वाटली, खरीखुरी. आणि त्या फिनलंडातल्या माणसाची दया आली. तोही एक रुद्रप्पाच. शिव्या त्याला बसत असणार.

तिनं दुरुस्ती लिहिली. मोजणी योग्य जागी आणली, दोन्ही तऱ्हांची कामं लावून पाहिली, आणि या वेळी घरच्या साध्या मेलवरून, रीतीप्रमाणं, नाव माथ्यावर येईल अशी फाइल बांधली. पाठवायच्या आधी ती सरांच्या केबिनमध्ये गेली. या खेपेला दार वाजवून.

“खोट सापडली, सर. दुरुस्ती तयार आहे. पण ती माझ्या नावानं जाईल.”

“जाऊ दे की!” सर इतक्या पटकन म्हणाले, की ती गोंधळली. “तुझ्याच नावानं जायला हवी. मी यादीवर तसं लिहिलंयसुद्धा. बघ जा.”

ती टेबलाशी आली. यादी उघडली. सरांचं उत्तर तिथं होतं, सगळ्या जगाला वाचता येईल असं. ‘पॅचमधला मूळ कोड माझ्या हाताखालच्या एक नवख्या सहकारी, प्रियदर्शनी यांनी लिहिला होता. मी तो पुरेसा तपासला नाही, याबद्दल दिलगीर आहे. त्यांना योग्य ती समज दिली आहे.’

आदिनाथनं तिच्या खांद्यावरून वाचलं आणि तो “अरे देवा” म्हणून खाली बसला. चांगलं होतं तोवर कोड सरांचा. घाण निघाली तसं खापर हिच्या माथ्यावर! टाळ्या त्यांना, समज हिला! नवखी म्हणे! प्रियदर्शनीच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ती आणखी चिडली. आता केबिनमध्ये जावं आणि त्या इस्त्रीच्या शर्टावर पाण्याचा तांब्या उपडा करावा, असं तिला फार फार वाटलं. ती खुर्चीतून उठलीसुद्धा.

आणि उठता उठता तिनं ती पहिली ओळ पुन्हा वाचली. मूळ कोड प्रियदर्शनी यांनी लिहिला होता.

ती खाली बसली.

मग मात्र कीबोर्ड वाजायला लागला. आदिनाथनं कप उचलला. ती लिहीत होती यादीवरच्या त्या उत्तराखालीच, साऱ्यांदेखत.

‘अवधूत म्हणतात ते बरोबर आहे. ही चूक माझी आहे. मोजणी चुकीच्या जागी शून्य होते, ती ओळ मी लिहिली. तिच्या आधीची आणि नंतरची प्रत्येक ओळही मीच लिहिली. मर्यादा एवढीच का, या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलं, आणि काट्याबद्दलची सगळी उत्तरंही. मी काट्यावर बसून हा पॅच केला, म्हणून मला वाचनालय सुचलं नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची मी माफी मागते. दुरुस्ती सोबत आहे. ती पुन्हा चुकली तर मला विचारा.’

तिनं एकदा वाचलं. एकही विशेषण घातलं नव्हतं. सरांबद्दल वाईट शब्द नव्हता, फक्त ते बरोबर म्हणतात, एवढंच. तिनं मेल पाठवली, आणि कुठल्याही यंत्रानं ती परत फेकली नाही.

दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं उत्तर आलं. नेहमीसारखंच तुटक. दुरुस्ती घेतली. मग सरांना उद्देशून एक प्रश्न होता. पॅच दिलात तेव्हा लेखक म्हणून तुम्ही फक्त स्वतःचं नाव घातलंत आणि खाली सही केलीत. आता म्हणता दुसऱ्या कुणी लिहिला. यातलं खरं कुठलं? आणि शेवटी लिहिलं होतं, की कर्नलच्या इतिहासात एकदा गेलेलं नाव बदलता येत नाही, ते आहे तसंच राहील. पण यापुढं या कोडबद्दल ज्याला काही विचारायचं असेल त्यानं प्रियदर्शनी यांना विचारावं.

त्या प्रश्नाला सरांनी उत्तर दिलं नाही. काय देणार? कुठलंही उत्तर दिलं तरी दुसरं खोटं पडत होतं.

त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बस म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही. आणि प्रियदर्शनीनं पहिल्यांदाच पाहिलं, अवधूत सरांनाही राग येतो. मानेवरची शीर टरारली होती.

“जगापुढं माझी अब्रू घालवलीस,” ते म्हणाले. आवाज चढला होता. “कंपनीचं मीठ खाऊन! काय गरज होती ते सगळं लिहायची?”

“सर, चूक माझी आहे असं तुम्ही लिहिलंत,” ती म्हणाली. “मी फक्त हो म्हणाले.”

सरांनी दाराकडे बोट केलं. “उद्यापासून येऊ नकोस.”

ती बाहेर आली. डबा, पाण्याची बाटली, आईनं दिलेली छोटी घोंगडी पिशवीत भरली. आदिनाथ उभा राहिला. त्यानं तिचा चहाचा कप धुऊन तिच्या पिशवीत ठेवला.

जिना उतरताना तिचा राग काही उतरला नाही. उतरावा तरी का? माथ्यावर अवधूत यांचंच नाव राहणार होतं, ती म्हातारी होईपर्यंत आणि त्याच्याही पुढं. ती आठवण आली की तिच्या मुठी अजून वळत होत्या. रस्त्यावर येऊन तिनं आबांना फोन लावला आणि नोकरी गेल्याचं आधी सांगितलं, मग बाकीचं.

आबांनी सगळं ऐकलं. मागं मेंढरांचा कालवा ऐकू येत होता.

“मंजी एडका घरला आला म्हन की,” आबा म्हणाले.

“आला, आबा. पर दुसऱ्याचं रान नासवून आला.”

“मग जा. त्या मान्साच्या रानात मेंढरं बसवून दे.”

ती खोलीवर आली. काशम्मांच्या जिन्यात दुपारचं ऊन होतं. तिनं आपला स्वतःचा जुना लॅपटॉप उघडला. यादीवर फिनलंडच्या माणसाची नवी मेल येऊन पडली होती. दुरुस्ती लावली, नक्कल पुरी झाली, पण आणखी एक अडचण दिसते आहे, विचारू का? वर, पहिल्याच ओळीत, त्यानं तिचं नाव घातलं होतं. स्पेलिंग चुकवून, पण तिचं.

प्रियदर्शनीनं बाह्या वर सारल्या आणि कीबोर्ड बडवायला घेतला.